पळसझिऱ्याचं पाणी

१७ जानेवारी १९९४, सोमवार

तलावावर हंस सोडायचे आहेत म्हणे! खरे नव्हेत, फायबरचे. पोटात दोन माणसं बसतात आणि पाय मारत राहतात. धुळ्याहून जिल्हा परिषदेचं पत्र आलंय — प्रत्येक तालुक्याने एक तलाव निवडावा, त्याचा ‘ग्रामीण तलाव पर्यटन विकास आराखडा’ करावा आणि एकतीस मार्चच्या आत पाठवावा. त्यावर आज पंचायत समितीत बैठक. चार तास चालली. त्यातले दोन तास हंस घ्यायचे की मोर, यावर गेले. शेवटी सभापती अभिमन आबा म्हणाले, मोर पाण्यात बसत नाही. दिवसभरात शहाणपणाचं तेवढं एकच वाक्य निघालं.

उन्हाळ्यात टँकर कोणत्या गावांना लावायचे, ती यादी त्याच टेबलावर होती. तिच्यावर चहाच्या बशा ठेवल्या.

तलाव निवडला तो पळसझिऱ्याचा. कारण रस्ता डांबरी आहे आणि सभापतींच्या गावापासून जवळ पडतो. आराखडा कोणी करायचा? विस्तार अधिकारी झुलालभाऊंनी. कारण काय, तर ‘भाऊंचं मराठी चांगलं आहे.’ बावीस वर्षं हेच ऐकतोय. ज्यांचं मराठी वाईट ते सगळे साडेपाचला घरी जातात.

त्या तलावाच्या तळाशी माझं घर आहे. बैठकीतल्या निम्म्या लोकांना ते माहीत आहे. पण विषयपत्रिकेवर नव्हतं!

१९ जानेवारी

आराखड्याचा छापील नमुना आला. सोळा रकाने. चौथा — ‘स्थळाचे वैशिष्ट्य’. काय लिहू? पाणी आहे, असं? कोरा ठेवला.

३ फेब्रुवारी, गुरुवार

अभ्यास दौरा परतला. सभापती, चार सदस्य आणि आमचे बीडीओ साहेब. पाच दिवस महाबळेश्वर. तिथल्या तलावाचा अभ्यास केला म्हणे. सगळ्यांना सर्दी झाली आहे. प्रत्येकाच्या घरी स्ट्रॉबेरीची खोकी गेली आणि माझ्या टेबलावर निरोप आला — दौऱ्याचा अहवाल तयार ठेवा.

मी महाबळेश्वर पाहिलेलं नाही. बीडीओ साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, ‘भाऊ, तुम्हाला काय अवघड आहे? निसर्गरम्य वगैरे लिहा.’ बत्तीस वर्षांचा माणूस. कोणाला कधी नाही म्हणत नाही, आवाज चढवत नाही, आणि स्वतःच्या हाताने एक ओळ लिहीत नाही. हसतमुख माणसाचा इतका राग येऊ शकतो हे मला या साहेबांनी शिकवलं.

लिहिला अहवाल. साडेतीन पानं. निसर्गरम्य सात वेळा आलंय.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पळसझिऱ्याला स्थळपाहणी. बीडीओ साहेब, शाखा अभियंता आणि मी. तलाव अजून चांगला भरलेला आहे, वारा होता, पाणी चमकत होतं. बीडीओ साहेब बांधावर उभे राहून म्हणाले, ‘पर्यटक केव्हा येणार? सुट्टीत. सुट्टी केव्हा? मे महिन्यात. मग मेमध्ये पाणी पाहिजे.’ अभियंता म्हणाला, मग रब्बीला पाण्याची शेवटची पाळी सोडायची नाही, बांधातली पाणी सोडायची मोरी बंद ठेवायची. झालं. पाच मिनिटांत ठरलं. मीच ते वहीत टिपून घेतलं, खाली तारीख घातली.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. लूना ओट्याला लावली आणि तिथेच उभा राहिलो. मेमध्ये पाणी, म्हणजे आखाजीला, अक्षय्य तृतीयेला पाणी. म्हणजे थोरल्या बहिणीचं, अक्काचं माहेर गेलं!

हा तलाव बाहत्तरच्या दुष्काळी कामातला. जुनं पळसझिरं पोटात गेलं, नवं टेकाडावर वसलं. दरवर्षी शेतीला पाळ्या सुटतात, चैत्रात पाणी उतरतं आणि जुन्या गावाची जोती, दगडी उंबरे वर येतात. मग पाऊस येईपर्यंत ते उघडे असतात. आमचाही उंबरा तिथेच आहे, काळ्या दगडाचा. गाव उठलं तेव्हा आबांनी — आमच्या वडिलांनी — दार, चौकट, आढं, खुंट्यासुद्धा गाडीत घातल्या, पण उंबरा उचलू दिला नाही. पितर इथे येतात, त्यांना नवा पत्ता कोण सांगणार, म्हणाले.

आखाजीला उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओढायची. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि एक बोट ओढायचं, पुढचं नाव, पुढचं बोट. हे घरच्या पुरुषाचं काम. आबा होते तोवर आबा करायचे. ते गेल्यापासून अक्का करते. मला आखाजी कधी जमलीच नाही — टंचाईची कामं, वसुली, बैठका, आमच्या खात्यात मे महिना म्हणजे मरण. सोळा वर्षांत दोनदा गेलो असेन, तेही तिला परत स्टँडवर आणायला. अक्का मात्र चुकलेली नाही. वरणगावला मुलाजवळ असते, छगन तिथल्या फॅक्टरीत आहे. पहाटेची गाडी धरते, भुसावळ, जळगाव, धुळे, मग इथली येष्टी. चौसष्ट वर्षांची बाई! आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. ही त्या उघड्या दगडाशी जाते, घागर भरते, अकरा नावं घेते, अकरा बोटं ओढते, बाजूला बसून बरोबर आणलेली सांजोरी खाते. म्हणते, माहेर झालं.

आणि यांना तिथे हंस फिरवायचे आहेत.

१ मार्च, मंगळवार

पाळी रद्द. लेखी आदेश निघाला, मसुदा माझा. पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी सुकदेव मोरीच्या चाकाला साखळी घालून आला. कुलूप नवीन आहे, तिजोरीला शोभेल असं.

नव्या पळसझिऱ्याचा वना ऑफिसात आला होता. खालच्या अंगाला त्याचा तीन एकर गहू, उशिरा पेरलेला. ओरडला नाही, भांडला नाही. माझ्या टेबलापाशी उभा राहून म्हणाला, ‘भाऊ, गहू दुधावर शे. आते पानी नई भेटनं त दाना भरावं नई. तुम्हना हंस गहू खातस का?’ मी त्याला बीडीओ साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी त्याला चहा पाजला. चहा पाजून माणूस परत पाठवायचा, ही यांची पद्धत.

८ मार्च

अक्काचं कार्ड आलं. लिहिलंय सुनेने, लताबाईने. ‘अक्कांनी विचारले आहे, पाणी उतरले काय. त्यांचे पाय सुजतात, तरी आखाजीस येणारच म्हणतात.’

उत्तर काय लिहू?

१० मार्च, गुरुवार

आज भांडलो. सरळ केबिनमध्ये गेलो आणि बीडीओ साहेबांना सगळं सांगितलं. उंबरे, बोटं, अक्का. माझा आवाज बाहेर टंकलेखकापर्यंत गेला असणार, कारण टायपिंग थांबलं. मी म्हटलं, तुम्ही एका माणसाचंच नाही, चाळीस घरांचं माहेर बुडवताय, तेही दुसऱ्यांदा. एकदा दुष्काळासाठी बुडवलं, ते समजलं. आता कशासाठी? पाय मारायला?

साहेब हसत होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘भाऊ, तुमची भावना मी समजतो. लेखी द्या.’

भावना लेखी द्या! देतो. असं देतो की फाइलमधून बाहेर काढता येणार नाही.

१३ मार्च, रविवार

दिवसभर टिपणी लिहिली. तीन वेळा फाडली. बावीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिलं, आज पहिल्यांदा आपलं लिहितोय असं वाटलं. विषय — मौजे जुने पळसझिरे (बुडीत) येथील आखाजीच्या प्रथेबाबत. संध्याकाळी बायकोला, कमलला वाचून दाखवली. ती भाकऱ्या थापत होती.

‘सदर दिवशी बुडीत गावाचे उंबरठे पाण्याबाहेर येतात व पितरांच्या नावे कुंकवाची बोटे ओढण्यात येतात. या वेळी पंचक्रोशीतील शेकडो भाविक दर्शनासाठी जमतात. अशी प्रथा जिल्ह्यात अन्यत्र आढळत नाही.’

कमल म्हणाली, ‘शेकडो? अक्का तर म्हणाल्या होत्या, चौदा-पंधरा बाया असतात.’

मी म्हटलं, चौदा-पंधरा बायांसाठी कोणी मोरी उघडत नाही. कागदाला वजन लागतं. बायकांना ऑफिस कळत नाही.

ती म्हणाली, ‘आणि दर्शनाला कोण येतं? आपापल्या घरी जातात त्या.’ मी पुढचं वाचलंच नाही. चिडून जेवलो.

२२ मार्च

टिपणी साहेबांच्या टेबलावरच आहे. वर महाबळेश्वरच्या मधाची बाटली ठेवली आहे, उडू नये म्हणून.

४ एप्रिल, सोमवार

जिंकलो!! धुळ्याहून आदेश आला — पळसझिरे तलावाची मोरी सोळा एप्रिलपासून उघडावी, आखाजीपूर्वी बुडीत गावठाण पूर्णपणे उघडे होईल अशी दक्षता घ्यावी. ‘विस्तार अधिकारी यांच्या टिपणीच्या अनुषंगाने’ असे शब्द आहेत. मी ते तीनदा वाचले. शिपाई अभिनंदन करून गेला. बीडीओ साहेब म्हणाले, ‘बघा, लेखी द्या म्हटलं होतं ना?’ माणूस अगदीच वाईट नाही.

अक्काला कार्ड टाकलं. पाणी उतरणार, निवांत ये. कमलला म्हटलं, बघ, वजन लागतं ते असं. तिने गोडाचा शिरा केला.

१६ एप्रिल, शनिवार

मोरी उघडली. मी मुद्दाम गेलो होतो. सुकदेवने चाक फिरवलं, आधी नुसता आवाज आला, मग पाणी सुटलं. पाटचारीतून आणि तिथून नाल्यात. शेतं तर कापून झाली आहेत, पाणी घेणार कोण?

वना बांधावर बसला होता. त्याचा गहू बारीक पडला, दाणा म्हणून नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘मार्चमा पानी नव्हतं ना भाऊ? आते कोठून उनं?’ मी म्हटलं, वना, हे आखाजीसाठी आहे, आपल्या पितरांसाठी. तो म्हणाला, ‘मन्हा बाप बी तठेच शे. त्याले गहू जास्ती आवडे.’

घरी येईपर्यंत आनंद निम्मा झाला होता.

२० एप्रिल, बुधवार



टपालात छापील कागद आले. चार रंगी. वर पाण्याचं चित्र, त्यात देवळाचं शिखर. पळसझिऱ्याला कधी शिखराचं देऊळ नव्हतं! खाली मोठ्या अक्षरात — ‘पाण्याखालचं गाव पाहा! आखाजी तलाव महोत्सव. १३ मे. पंचक्रोशीतील शेकडो भाविक दर्शनासाठी जमतात. अशी प्रथा जिल्ह्यात अन्यत्र आढळत नाही.’

माझी वाक्यं. माझीच. एक वेलांटी बदललेली नाही.

फाइल मागवली. आराखड्याचा चौथा रकाना, ‘स्थळाचे वैशिष्ट्य’, भरलेला आहे. माझी टिपणी तिथे जशीच्या तशी टाईप करून टाकली. ‘सबब मोरी उघडणे आवश्यक आहे’ एवढी एक ओळ गाळली, तिच्या जागी ‘सबब पर्यटनास मोठा वाव आहे’. धुळ्याला आमचा आराखडा पहिला आला. हंस रद्द, कारण आता पाणी नको, गाव पाहिजे. हंसांच्या जागी मंडप.

साहेबांना विचारलं, हे काय? ते खरंच आनंदात होते. ‘भाऊ, रकाना रिकामा होता. मी तुम्हाला चार वेळा विचारलं, काय वैशिष्ट्य? तुम्ही सांगत नव्हता. मग सांगितलंत!’

मी विरोधाचा कागद लिहिला होता, तो त्यांनी शिफारस म्हणून वाचला. आणि लिहिलाय असा की दुसरं कोणी काय वाचणार? शेकडो भाविक, दर्शन. पंधरा बाया आपापल्या घरी जातात, एवढंच लिहायला हवं होतं. ते लिहायला माझं मराठी कमी पडलं.

३० एप्रिल, शनिवार

गाव वर आलं. चिखल वाळला, जोती दिसायला लागली आणि त्याबरोबर मजूर. उंबऱ्यांना चुना मारताहेत. प्रत्येक उंबऱ्यावर ऑइलपेंटने आकडा, पर्यटकांना ओळखता यावं म्हणून. आमचा सहा नंबर. निळा सहा, वीतभर.

मी मुकादमावर असा ओरडलो की माझा घसा बसला. तुला कोणी सांगितलं? कोणाच्या उंबऱ्यावर पाय देऊन उभा आहेस? तो बिचारा खाली उतरला आणि खिशातून कागद काढून दाखवला. नकाशा. त्यावर घरांचे क्रमांक. नकाशाखाली माझी सही, फेब्रुवारीतली, स्थळपाहणीची.

चुना खरवडायला बसलो. नखांनी. निघत नाही.

७ मे, शनिवार

कार्यक्रमपत्रिका आली. दहा वाजता मान्यवरांचे आगमन. अकरा वाजता ‘पितृपूजन — श्रीमती मंजुळाबाई (जुन्या गावातील ज्येष्ठ महिला)’. त्यानंतर सत्कार, साडी-नारळ. अक्काचं नाव यांना कोणी दिलं? मीच. मार्चमध्ये, केबिनमध्ये, ओरडून.

बीडीओ साहेब म्हणाले, ‘तुमच्या भगिनी आहेत, तुम्हीच घेऊन या.’ नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून ‘बघतो’ निघालं. बघतो! एवढा संताप अंगात आणि तोंडातून बघतो!

तिला कळवलं पाहिजे की येऊ नको. पत्र वेळेत पोचणार नाही. छगनच्या फॅक्टरीत फोन करून निरोप देता येतो. उद्या करतो.

९ मे

कमलला सांगितलं, लाइन लागली नाही. केलाच नव्हता.

१२ मे, गुरुवार

अक्का आली. चार गाड्या बदलून, डोक्यावर पिशवी, पिशवीत सांजोऱ्या, आंबे आणि तिथलं एक डांगर, म्हणजे खरबूज, घागरीवर ठेवायला. इथे डांगरं मिळत नाहीत असं तिला वाटतं. पाय खरंच सुजलेत. उंबऱ्यात बसूनच विचारलं, ‘पानी उतरनं ना रे?’

‘उतरलं.’

‘मंग बठ्ठं बरं शे.’

जेवताना सांगायला घेतलं. उद्या गर्दी असेल, अक्का. साहेब लोक येणार आहेत, मंडप आहे. ती म्हणाली, ‘येऊ दे. त्यासनं बी कोनी बुडेल व्हई.’

कमल माझ्याकडे बघत होती. मी ताटाकडे.

१३ मे, शुक्रवार — आखाजी

सकाळी आठलाच अक्काला घेऊन गेलो. म्हटलं, कोणी यायच्या आत तिचं उरकून घ्यावं. तर मंडपवाले, लाऊडस्पीकरवाले, भेळवाले आधीच हजर. रसवंतीचं घुंगरू वाजत होतं. जुन्या गावाच्या पंधरा-वीस बाया एका बाजूला घागरी घेऊन उभ्या होत्या, आपल्याच घरासमोर, कारण दोर बांधला होता. दोराच्या आत पासधारक. भिकुबाई, जी आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची, तिने मला विचारलं, ‘झुलाल, आम्हना पास कोनजोडे शे?’ मी दोर उचलून धरला आणि बायांना आत घेतलं. पोलिसाने अडवलं नाही. दिवसभरात मी केलेलं तेवढंच एक काम.

अक्का उंबऱ्यापाशी गेली आणि थांबली. ‘हाई काय लिखेल शे?’

‘सहा.’

‘कसाना सहा?’

‘घर नंबर.’

‘आबानं नाव नई लिखं?’ घागरीतलं पाणी ओतून तिने पदराने दगड घासला. चुना थोडा गेला, निळा रंग तसाच. मग तिने घागर मांडली, वर डांगर, आंबे, सांजोरी. तेवढ्यात एक माणूस माइक घेऊन आला आणि मान्यवर येईपर्यंत थांबा म्हणाला. आम्ही थांबलो. अकरा वाजले. बारा वाजले. बेचाळीस डिग्री ऊन, ती चौसष्ट वर्षांची बाई दगडाशी बसलेली, आणि स्पीकरवर सभापती अभिमन आबा सांगताहेत की या तालुक्याला आता पर्यटन नकाशावर स्थान मिळेल. मी चारदा जाऊन सांगितलं, म्हातारं माणूस आहे, करू द्या. चारदा ‘दहा मिनिटं’.

साडेबाराला अक्का म्हणाली, ‘पितरसले उपाशी किती ठेवशी?’ आणि करंडा उघडला. माझ्यापुढे धरला. ‘आज उनास त तूच लाव.’

मी खाली बसतच होतो. तेवढ्यात बीडीओ साहेबांची हाक आली — भाऊ, सीईओ साहेबांची गाडी आली, हार कुठे आहेत? हार माझ्याकडे होते. आलोच, म्हटलं, आणि गेलो.

हार झाले, फीत झाली. परत आलो तोवर अक्काने सुरुवात केली होती. चारही बाजूंनी माणसं, कॅमेरे, सीईओ साहेब रुमालाने मान पुसताहेत. माइकवाल्याने माइक तिच्या तोंडाशी नेला. ‘हाई मन्हा तोंडजोडे कसाले धरी राह्यना?’ एवढं सगळ्या तलावावर ऐकू गेलं, लोक हसले. मग तिने लुगड्याचा पदर माइकवर टाकला, डोकं खाली घातलं आणि नावं घेतली. ओठ हलताना दिसत होते. शब्द कोणालाच ऐकू आले नाहीत. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, खूप दिवसांनी.

आबा, माय, आजा, आजी. पुढचे काका. सटवाईने नेलेला आमचा धाकटा. मी तिच्या बोटावरून ओळखत होतो. अकरा झाली. ती थांबली, करंड्यात परत बोट बुडवलं आणि जरा बाजूला, निळ्या सहाच्या पोटात, आणखी एक ओढलं.

बारा.

साडी घेतली नाही. नारळ घेतला, तो घागरीपाशी ठेवून आली. घरी आल्यापासून पडून आहे. थकली असेल. बारावं कोणाचं, हे विचारायचं धाडस मला होत नाही. आपल्या घरातलं नंतर कोणी गेलेलं नाही. उरलोय मीच.

१४ मे, शनिवार

बारावं माझंच आहे. दुसरं कोणाचं असणार? तिच्या जागी मी असतो तर मीही ओढलं असतं. तरी राग येतोय. तिचाही. जिवंत भावाचं नाव त्या ओळीत घ्यायचं? मी मोरी उघडवली, मी चार वेळा मंडपात गेलो, दोर उचलला — ते काही नाही?

ऑफिसातून निरोप आलाय. महोत्सवाचा अहवाल सोमवारी पाहिजे.

१५ मे, रविवार

अक्काला स्टँडवर सोडलं. धुळ्याची गाडी लागायची होती. विचारलंच शेवटी — बारावं बोट माझं होतं ना?

ती माझ्याकडे बघून हसली. ‘तुन्हं नई रे भाऊ. मन्हं.’

मी म्हटलं, तू तर जिवंत आहेस, अक्का. आणि लेकीचं बोट माहेरच्या उंबऱ्यावर नसतं.

‘माले ठाऊक शे. पन मी मरी गई त अठे कोन लाई?’

मी आहे ना, म्हटलं.

‘तू? तू लिखशी,’ अक्का म्हणाली. गाडी लागली होती. ती चढली.